मिठागरावरची माणसे आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रह

आपल्या ज्ञातीचे नाव 'आगर' ह्या शब्दावरून पडले, असे बहुतेक जाणकार मानतात. आगर म्हणजे बांध घालून राखलेली, कसून ठेवलेली जमीन. भाताचे असेल, नारळी-पोफळीचे असेल, तसेच ते मिठाचेही असेल. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरात आपल्या लोकांचे मिठआगरी, जसआगरी व ढोलआगरी असे भेद नोंदविलेले आहेत. मिठाच्या धंद्यावरून समाजातील एका मोठ्या शाखेलाच नाव पडावे, एवढा ह्या धंद्याशी आपला संबंध जुना आहे. म्हणून मिठावरील कराविरुद्ध १९३० साली देशभर जो लढा झाला, त्याची हकीकत वाचताना आपल्या मनात एक प्रश्न सहजच उभा राहतो. ज्यांच्या हातांनी ते मीठ पिकत होते, ती माणसे त्या वेळी कोठे होती? माझ्या शिक्षकीच्या काळात मी हा सत्याग्रह मुलांना पुष्कळ वर्षे शिकविला. परंतु पाठ्यपुस्तकात ह्या प्रश्नाचे उत्तर मला कधी सापडले नाही. प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला एक अल्प प्रयत्न आहे.

प्रथम मीठ कसे होते, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी चालू मिठागर पाहिलेलेही नसेल. पावसाळा सरला की खाजणातील फुटके बांध दुरुस्त करावयाचे. उधाणाच्या भरतीला उघाडीतून खाडीचे पाणी आत घ्यावयाचे. ते पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे उन्हाने आटवीत आणावयाचे व शेवटी लहान लहान वाफ्यांत सोडावयाचे. वाफ्याचा तळ चिखलाचा असतो. तो पायांनी तुडवून तुडवून असा घट्ट करावा लागतो की पाणी मुरू नये आणि मिठात माती येऊ नये. हे तुडविण्याचे काम अनेक दिवस चालते, आणि मिठागरातील खरी कारागिरी तेथेच आहे. त्यानंतर ऊन आणि वारा आपले काम करतात. वाफ्यात मिठाचे दाणे धरले की ते लाकडी फावड्याने ओढून बांधावर काढावयाचे, निथळू द्यावयाचे, आणि मग पाट्यांनी वाहून मोठ्या राशी घालावयाच्या. मृगाच्या आत राशी गवताने शाकारून झाल्या पाहिजेत. ह्या कामात पायांना ज्या भेगा पडत व त्या भेगांत जे खारे पाणी शिरे, त्याची आठवण आमच्या घरातील वडीलधारी माणसे म्हातारपणीही काढीत असत.

मिठावर जकात इंग्रजांनीच प्रथम बसविली असे म्हणणे बरोबर होणार नाही. पूर्वीच्या राजवटींतही मिठावर लहानसहान पट्ट्या होत्या. परंतु मुंबई इलाख्यात मणामागे ठरलेला कर १८३७ च्या कायद्याने आला. तो मणास आठ आणे होता. १८४४ साली तो एकदम दुप्पट, म्हणजे एक रुपया करण्यात आला. तेव्हा सुरत शहरात दुकाने बंद झाली, लोक रस्त्यावर उतरले व दंगा झाला. सरकारला त्याच वर्षी कर बारा आण्यांवर आणावा लागला. गांधीजींच्या दांडीयात्रेच्या ८६ वर्षे आधी, त्याच सुरतेच्या परिसरात, कोणी मोठा पुढारी नसताना साध्या शहरवासीयांनी मिठाचा कर खाली आणविला, ही गोष्ट आपल्या शाळांतून फारशी सांगितली जात नाही.

पुढे हा कर वाढतच गेला. १८७८ च्या सुमारास तो मणामागे अडीच रुपयांपर्यंत पोहोचला. १८८२ साली दोन रुपये झाला आणि १८८८ साली पुन्हा अडीच. ह्याच काळात मीठ खात्याची व्यवस्था कडक झाली. राखण करण्यास अवघड अशी अनेक लहान मिठागरे बंद करण्यात आली. जी उरली त्यांच्याभोवती पहारे बसले, आणि कर भरून परवाना घेतल्यावाचून मिठागरातून मीठ बाहेर काढणे हा गुन्हा ठरला. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने हा बंदोबस्त पुरा झाला. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात मिठावरील जकातीचे ओझे शेतकऱ्यावर कसे पडते ह्याचा उल्लेख केला आहे. नामदार गोखल्यांनी १९०२ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलातील आपल्या अंदाजपत्रकावरील भाषणात हा कर कमी करण्याची मागणी केली. १९०३ पासून तो उतरत उतरत १९०७ साली एक रुपयावर आला खरा. पण महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, सव्वा रुपया झाला. १९२३ साली कायदे मंडळाचा विरोध असताना व्हाइसरॉयांनी आपल्या अधिकारात तो अडीच रुपये केला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा सव्वा रुपयावर आणला. सत्याग्रह झाला तो ह्या सव्वा रुपयाच्या काराविरुद्ध.

सव्वा रुपया मणाला, म्हणजे किती? मी वर्गात हे उदाहरण फळ्यावर करून दाखवीत असे. मणाचे शेर चाळीस. सव्वा रुपयाचे आणे वीस. म्हणजे शेरामागे अर्धा आणा, जुन्या हिशेबाने दोन पैसे, निव्वळ कर. पाच माणसांच्या कुटुंबाला दर माणशी महिन्याला अर्धा शेर मीठ लागते असे धरले, तर वर्षाचे तीस शेर झाले आणि कर झाला पंधरा आणे. पंधरा आणे ऐकून मुले हसत. पण गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांना जे पत्र लिहिले, त्यात हिंदी माणसाचे सरासरी दैनिक उत्पन्न दोन आण्यांहूनही कमी असल्याचे म्हटले आहे, आणि त्याच पत्रात खुद्द व्हाइसरॉयांचा पगार महिना एकवीस हजार रुपये, म्हणजे दिवसाला सातशेहून अधिक, असल्याचे दाखविले आहे. म्हणजे ते पंधरा आणे हे एका सामान्य माणसाचे साडेसात दिवसांचे उत्पन्न होते. लक्षाधीशालाही तेवढेच पंधरा आणे पडत. इतका हिशेब झाला की वर्गात कोणी हसत नसे.

तथापि मिठागरावर राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पंधरा आण्यांहून मोठे दुःख वेगळेच होते. सगळा दिवस तो मिठात उभा असे. त्याच्या समोर हजारो मण मिठाच्या राशी असत. आणि संध्याकाळी घरी जाताना भाकरीबरोबर खाण्यापुरते चिमूटभर मीठ नेले, तरी कायद्याने तो चोर ठरे. फाटकावर शिपाई झडती घेई. पाटी उलटी करून पाही, कमरेचे फडके सोडावयास लावी. बायकांच्या डोक्यावरील पाट्यांत भाकरीचे फडके असे, तेही झटकून पाहिले जाई. आमची आजी हे सांगताना आवाज खाली आणून सांगत असे. इंग्रज जाऊन तेव्हा तीस वर्षे होत आली होती, तरी तिचा आवाज खालीच येई. आपणच काढलेले मीठ वाण्याकडून विकत घ्यावयाचे, हा नियम तिला शेवटपर्यंत समजला नाही, आणि तो समजावून सांगणे मला तरी कधी जमले नाही.

आता सत्याग्रहाकडे वळू. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीच्या आश्रमातून ७८ सत्याग्रहींसह निघाले, चोवीस दिवस चालले, आणि ६ एप्रिलला सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचलले. बरोबरच्या मंडळींत महाराष्ट्रातील तेराजण होते. आश्रमातील भजनांना चाली लावणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे त्यांपैकीच. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. गांधीजींच्या 'यंग इंडिया' पत्रात ह्या तुकडीची नावानिशी यादी प्रसिद्ध झाली. तुकडीतील प्रत्येक मनुष्य, तो विद्यार्थी असो, विणकर असो की खादीचा कार्यकर्ता असो, आज आपल्याला नावाने ठाऊक आहे. असे भाग्य पुढे फारच थोड्यांना लाभले.

दांडीनंतर मीठ सर्वत्र पेटले, असे म्हटले तरी चालेल. मुंबईत विलेपार्ले येथे छावणी उघडली. शेठ जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला, बाळासाहेब खेर आदी मंडळी तेथे होती. चौपाटीवर समुद्राचे पाणी उकळून मीठ काढण्यात कमलादेवी चट्टोपाध्याय व अवंतिकाबाई गोखले ह्यांनी पुढाकार घेतला, आणि त्या मिठाच्या पुड्यांना शहरात भारी किमती आल्या. मे महिन्यात शिरोडे येथील मिठागरांवर सत्याग्रह झाला. २१ मे रोजी गुजरातेतील धारासणा येथे सत्याग्रहींच्या रांगांमागून रांगा लाठ्यांखाली पडल्या; वेब मिलर ह्या अमेरिकन बातमीदाराने तो वृत्तांत जगभर पोहोचविला.

मुंबईजवळची सर्वांत मोठी घटना म्हणजे वडाळ्याच्या मिठागरांवरील छापे होत. मे महिन्यात तेथे पुन्हा पुन्हा छापे पडले आणि शेकडो लोक पकडले गेले. त्यांचा कळस १ जून १९३० ला झाला. डॉ. पट्टाभि सीतारामय्या ह्यांनी लिहिलेल्या काँग्रेसच्या इतिहासात त्या दिवसाचे वर्णन आहे. सुमारे पंधरा हजार लोक, स्वयंसेवक व इतरही, त्या छाप्यात सामील झाले होते. पोर्ट ट्रस्टच्या रेल्वे फाटकाशी पोलिसांनी कडे केले होते. तुकड्यांमागून तुकड्या येऊन तेथे अडत होत्या. अखेर लोकांनी कडे फोडले आणि बायका-मुलांसकट चिखल तुडवीत ते मिठागरांत शिरले. दीडशेच्या आसपास लोक जखमी झाले. सरकारचे गृहमंत्री स्वतः बंदोबस्तावर देखरेख करीत होते. पकडलेल्यांना वरळीच्या छावणीत ठेवले होते. तेथेही ३ जूनला गडबड होऊन मार बसला.

पंधरा हजार! दांडीला गेलेल्या अठ्ठ्याहत्तरांची नावे छापली आहेत. वडाळ्याच्या पंधरा हजारांपैकी किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? पुढाऱ्यांची काही. बाकीचे 'लोक' ह्या एका शब्दात मावले. ते गिरणीतून आले होते, कचेरीतून आले होते, चाळीतून आले होते. आणि जे मिठागरातच होते, त्यांना तर त्या 'लोकां'तही जागा मिळाली नाही. कारण ते तेथे आले नव्हते, ते तेथलेच होते.

ह्या ठिकाणी आमच्या घरातील एक हकीकत सांगतो. घरगुती गोष्ट असल्याने ती सांगावी की नाही असा मला संकोच होता. परंतु ह्या विषयाला तिच्यावाचून पुरेपणा येत नाही.

माझे आजोबा खाडीपलीकडच्या आमच्या गावातून हंगामाला वडाळ्याच्या एका मिठागरावर कामाला जात. १९३० साली ते पंचविशीच्या आतबाहेर होते. जूनचा पहिला दिवस म्हणजे हंगामाचे अखेरचे दिवस. राशी शाकारण्याची घाई चालली होती. मुकादमाने सकाळीच सर्वांना बजाविले होते की आज गडबड होणार. कोणी मध्ये पडू नये, आणि जो त्या लोकांत मिसळेल त्याचा हिशेब तेथेच तोडला जाईल. आजोबा व त्यांचे सोबती गवताच्या पेंढ्या घेऊन राशीपाशी उभे राहिले. फाटकाकडून प्रथम आरोळ्या ऐकू आल्या. मग माणसे दिसू लागली. ती बांधावरून न येता सरळ वाफ्यांतून धावत आली.

आजोबा सांगत, "मना पयले रागच आला." ज्या वाफ्याचा तळ त्यांनी दिवसेंदिवस तुडवून आरशासारखा केला होता, त्यात शहरातील ती माणसे ढोपरापर्यंत रुतत होती, पडत होती, उठून पुन्हा धावत होती. त्या माणसांना वाफ्यात कसे चालावे हेही माहीत नव्हते. हातात मूठभर खारा चिखल आला की त्यालाच ती मीठ समजत आणि मूठ वर करून जयजयकार करीत. मागून पोलीस आले व लाठ्या सुरू झाल्या. एक बाई, चांगल्या घरची, पातळाचा काच्या मारलेली, आजोबांच्या पुढ्यातच चिखलात पडली. आजोबांनी तिला हात देऊन बांधावर घेतले. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि राशीतील मीठ मागितले. आजोबांनी मुकादमाकडे पाहिले. मुकादम दुसरीकडे पाहत होता. तेव्हा त्यांनी ओंजळभर मीठ काढून तिच्या पदरात घातले. ती कोण होती, पुढे तिचे काय झाले, हे त्यांना कधीच कळले नाही.

संध्याकाळी काम सुटले तेव्हा फाटकावर शिपाई नव्हता. सगळे शिपाई रेल्वे फाटकाच्या बाजूला गेले होते. त्या दिवशी आजोबांनी शेरभर मीठ धोतराच्या सोग्यात बांधून आणले, आणि गावी जाताना ते उघड हातात धरून नेले. आजीने ते चुलीपाशी ठेवून घेतले नाही. ती घाबरली होती. रात्री कोणी झडतीला आले तर काय करावे, हा तिचा प्रश्न होता. तिने ते मीठ मडक्यात घालून अंगणात पुरले, आणि पावसाळ्यात ते विरघळून गेले. ह्यावरून त्या दोघांत भांडण झाले व ते पुष्कळ वर्षे पुरले. आजोबा म्हणत, ते मीठ खावयाचे होते. आजी म्हणे, तुम्ही तुरुंगात गेला असता तर पोरांना काय खाऊ घातले असते? दोघांचेही बरोबर होते, असे मला वाटते.

ह्याला सत्याग्रह म्हणावयाचे काय? आजोबांनी प्रतिज्ञा घेतली नव्हती, खादी घातली नव्हती, कोणत्याही पटावर त्यांचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच राशी शाकारावयास गेले. कारण हंगामाचा हिशेब अजून व्हावयाचा होता. आपल्याकडे स्मरणिकांतून लिहिताना ज्ञातीतील प्रत्येक पूर्वजाला स्वातंत्र्यवीर करण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला पसंत नाही. मिठागरावरील आपले बहुसंख्य लोक १९३० साली कामावरच होते. जे मीठ लुटले जात होते, त्यावरच त्यांची भाकरी होती, आणि मिठागर बंद पडले असते तर प्रथम तेच उपाशी पडले असते. हे सांगण्यात कमीपणा नाही. उलट, नोकरी जाण्याचे भय डोक्यावर असताना ओंजळभर मीठ देणाराचे मोल समजावयाचे असेल, तर हे आधी सांगितलेच पाहिजे.

नाव टिकण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. जंगलातील गवत, लाकूड व चराई ह्यांवरील सरकारी निर्बंधांविरुद्ध आसपासच्या गावचे आगरी, कोळी, कातकरी असे सर्व लोक एकत्र आले होते. तेथे गोळीबार झाला आणि माणसे पडली. नाग्या महादू कातकरी ह्या तरुणाचे व इतर हुतात्म्यांचे नाव आज स्मारकावर कोरलेले आहे. ते योग्यच आहे. पण त्याच डोंगरावर जे त्या दिवशी उभे होते आणि जिवंत घरी परतले, त्यांची नावे कोठे आहेत? १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्यास आरंभ केला, तेव्हा सर्वसाधारण अट निदान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची होती. सरकारला कोठे तरी रेघ ओढणे भागच होते. तथापि वडाळ्याला लाठी खाऊन, चार दिवस छावणीत राहून परत कामावर गेलेला मनुष्य त्या रेघेच्या बाहेर राहिला. गावातील काही मंडळींनी आजोबांना अर्ज करावयास सुचविले होते. त्यांनी विचारले, "अर्जान काय लिवू? शेरभर मीठ हानला?" आणि तो विषय संपला.

लढ्याचे फळ काय मिळाले, हेही पाहिले पाहिजे. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. मीठ कायदा रद्द करण्यास सरकारने नकार दिला. मात्र ज्या गावांच्या लगत मीठ गोळा करता येते किंवा तयार करता येते, तेथील रहिवाशांना घरी खाण्यासाठी व त्याच गावात विकण्यासाठी मीठ घेण्याची मोकळीक दिली. गावाबाहेर विकण्याची बंदी कायम राहिली. सबंध देशात गाजलेल्या त्या करारातील हे कलम वाचताना मला नेहमी वाटते की हे कलम खऱ्या अर्थाने आपल्या लोकांसाठी होते. मुंबईतील चाळकऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. पुण्यातील वकिलाला नव्हता. खाडीकाठच्या घरातील बाईला होता. दिल्लीला झालेल्या वाटाघाटींत तिच्या चुलीपाशी ठेवलेल्या मडक्याचा विचार करावा लागला. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने पुरवणी अंदाजपत्रक आणून करांवर पंचवीस टक्के अधिभार चढविला, आणि मिठाचा कर सव्वा रुपयावरून एक रुपया नऊ आणे झाला. म्हणजे सत्याग्रहानंतर कर उतरला नाही, चढला. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य सहसा नसते. तो कर पूर्ण उठला १ एप्रिल १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी.

कर उठल्याचे वर्तमान मिठागरावर पोहोचले तेव्हा आजोबा कामावरच होते. मी त्यांना एकदा विचारले की त्या दिवशी आपल्याला काय वाटले. त्यांनी उत्तर दिले, "कर गेला, झरती रायली. पयले सरकारची व्हती, आता शेटची." मीठ सरकारचे राहिले नाही तरी ते मालकाचे होतेच, आणि फाटकावर माणूस बसतच होता. तो फक्त निराळ्या पगाराचा होता. हे ते कडवटपणाने म्हणत नसत. जशी वस्तुस्थिती होती तशी सांगत. करारात मिळालेल्या मोकळिकीचा उपयोग मात्र आजीने केला. उन्हाळ्यात खाजणातील खड्ड्यांत आपोआप धरलेले मीठ ती गोळा करून आणी आणि वर्षभराचे सुकट त्यावर घाली. ते मीठ थोडे मातकट असे. वाण्याचे पांढरे मीठ घरात येऊ लागल्यावरही सुकटासाठी तिला तेच लागे.

आता खाडीकाठच्या मिठागरांपैकी फार थोडी उरली आहेत, आणि १९३० साल पाहिलेले कोणीही आपल्यात उरलेले नाही. परंतु त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसे अद्याप आहेत. त्यांतील बहुतेक माझ्याच वयाची आहेत. तरी ज्या ज्ञातिबंधु-भगिनींच्या घरी वडाळा, शिरोडे, चिरनेर किंवा अन्य ठिकाणच्या प्रसंगांची काही आठवण असेल, त्यांनी ती मंडळाकडे लिहून पाठवावी, अशी नम्र विनंती आहे. गावाचे नाव, मिठागराचे नाव, सांगणाऱ्याचे नाते आणि ऐकल्याचे साधारण वर्ष एवढे तरी अवश्य लिहावे. आठवण मोठी असली पाहिजे असे नाही. भाषाही घरात बोलली जाते तीच असावी. शुद्धलेखन तपासण्याचे काम मी करीन.